शिफारसपत्राची वाट पाहत थांबू नका

तुम्ही लिहिलंय की दारूच्या उपचार केंद्रातून सुटताना एएबद्दल (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे समूह) 'मीटिंगला जायला आमचं पत्र लागेल, पुढच्या आठवड्यात या' असं सांगितलं, आणि तो पुढचा आठवडा अजून उजाडलेला नाही. मधे एकदा पत्राशिवायच एका मीटिंगला जाऊन आलात, पण तिथलं देवाचं बोलणं पटलं नाही. यातला पत्राचा भाग मी भोगलेला आहे, म्हणून त्यावर जरा जास्तच बोलेन.

पत्र लागत नाही. कुणाचंच नाही. एएच्या तिसऱ्या परंपरेप्रमाणे (समूहांसाठीच्या बारा तत्त्वांना तिथे परंपरा म्हणतात) सदस्य व्हायला एकच गोष्ट लागते, दारू सोडायची इच्छा. नोंदणी नाही, फी नाही, आडनावसुद्धा कुणी विचारत नाही. पैशांचा डबा फिरतो, पण त्यात टाकायलाच हवेत असं नाही.

माझ्या केंद्रातही हीच अट होती. आधी समुपदेशकाची सही, तर समुपदेशक रजेवर. ते आले तर फाइल दुसऱ्या विभागात. फाइल आली तर शिक्का ज्याच्या कपाटात तो माणूस जागेवर नाही. खिडकीपलीकडचे गृहस्थ दर वेळी अगदी सभ्यपणे 'होऊन जाईल' म्हणायचे. त्यांनी मला दारू पाजली नाही, हे खरं. पण पिणाऱ्याला निमित्त लागतं आणि 'अजून पत्रच आलं नाही' याच्याइतकं सोज्वळ निमित्त मला आयुष्यात मिळालं नव्हतं. घरच्यांनाही ते पटायचं! शेवटी पत्र मिळालं तोवर मी पुन्हा पूर्वीइतकीच घेत होतो. सोबत मीटिंगांची यादी होती, झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यातल्या पहिल्या पत्त्यावर कुलूप, तो समूह कधीच दुसरीकडे गेला होता. पुढे एकदाचा योग्य खोलीत पोहोचलो आणि पत्र पुढे केलं, तर मीटिंग चालवणाऱ्याने ते न उघडताच परत दिलं आणि 'बसा' म्हणाला.

कागदाचा संबंध येतो तो उलट्या बाजूने. कोर्टाने किंवा नोकरीच्या ठिकाणी 'हजेरीचा पुरावा आणा' म्हटलं तर काही समूह चिठ्ठीवर सही देतात, काही देत नाहीत. एए स्वतः हजेरी ठेवत नाही. केंद्रवाल्यांनी हे दोन्ही एकत्र कालवलं असावं, असा माझा अंदाज. राग मात्र अजून गेलेला नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 लोक होते. त्यात एए आणि एएकडे नेणारे पद्धतशीर उपचार दारूपासून सलग लांब राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांपेक्षा सरस ठरले. त्या उपचारांत रुग्णाला मीटिंगशी जोडून देणं हेच उपचारकाचं काम असतं. आमच्याकडे शिक्का शोधत होते.

यादी एएच्या त्या-त्या भागाच्या वेबसाइटवर बघा आणि तरीही निघायच्या आधी फोन करा. मीटिंग अजून तिथेच भरते ना, ओपन आहे की क्लोज्ड, एवढंच विचारायचं. ओपन म्हणजे कुणीही यावं, क्लोज्ड म्हणजे फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी, म्हणजे तुम्हाला दोन्ही चालतात. फोनची लाज वाटत असेल तर हे आठवा : 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रनमध्ये दारू सोडलेल्या बिल विल्सनला प्यायची ओढ लागली, तेव्हा हॉटेलातून अनोळखी लोकांना फोन करत करत तो डॉ. बॉब स्मिथ या दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत पोहोचला. एएची सुरुवात तिथली. अगदीच जमत नसेल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत, पण माझ्या मते सुरुवात समोरासमोर करावी. बोलायची सक्ती नसते, 'आज फक्त ऐकतो' म्हटलं की पुरे. मीटिंग संपल्याबरोबर पळू नका. फोन नंबर मिळतात ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत, आणि रात्री ओढ लागते तेव्हा तेच कामी येतात.

देवाबद्दल : प्रत्येक समूह आपला कारभार स्वतः पाहतो, त्यामुळे एकाचा सूर दुसऱ्याला नसतो. एका मीटिंगवरून ठरवू नका, तीन-चार वेगवेगळे समूह पाहा. तरीही नाहीच पटलं तर 1994 पासून चालणारी स्मार्ट रिकव्हरी ही वेगळी संस्था आहे, तिथे एएसारख्या बारा पायऱ्या नाहीत आणि देवाऐवजी म्हटली जाणारी 'उच्च शक्ती'ही नाही. एएतले काही जुने लोक तिला नाकं मुरडतात. मुरडू देत.

मी डॉक्टर नाही, पण हे सांगायलाच हवं. मधल्या काळात पुन्हा रोजची सुरू झाली असेल तर एकदम मनाने बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, जबर थरथर सुरू होऊ शकते आणि ते जिवावर बेततं. अशा वेळी मीटिंग नाही, दवाखाना. आणि कुणी सदस्य 'गोळ्या बंद कर, त्याही नशाच' म्हणाला तर ऐकू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असं एएचं स्वतःचंच पत्रक सांगतं.

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे समूह आहेत, 1951 पासून, आणि तुम्ही जा किंवा न जा, त्यांना जाता येतं. पहिल्या दिवशी त्यांना तुमच्या एएच्या मीटिंगला सोबत न्यायचं असेल तर मीटिंग ओपन आहे ना, तेवढं फोनवर पक्कं करून घ्या.