जळगावात गाडीवर मिळणारं भरताचं सँडविच खरंच खाण्यासारखं असतं का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात नोकरीनिमित्त जळगावला येताय, इथल्या गाडीवरच्या भरताच्या सँडविचचं नाव एका मित्राने काढलं, आणि ही नुसती टूम तर नाही ना अशी तुम्हाला शंका आहे. टूम नाही. डिसेंबर म्हणजे तर तुम्ही ऐन हंगामात येताय. बिनधास्त खा, फक्त चीज घालू नका असं आधीच सांगा. का ते पुढे येईलच.

आधी भरताबद्दल लिहिते, कारण पुण्या-मुंबईकडे भरीत म्हटलं की जांभळं वांगं, टोमॅटो, हळद-तिखट किंवा वर कालवलेलं दही असंच डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडचं भरीत हिरवट-पांढरं असतं. वांगीच तशी: फिकट हिरवी, एका पंजात न मावणारी, गर भरपूर आणि बिया कमी. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावला लागून असलेलं आसोदा ही भरतासाठी नावाजलेली गावं. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने इथल्या वांग्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

ही वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. काड्यांचा जाळ मोठा असतो आणि भराभर पेटतो. साल पार काळी पडते, आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि धुराचा वास धरतो. गॅसवर वांगं भाजलं जातं, पण हा वास त्याला येत नाही. मग साल काढून गर बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायचा. मिक्सरचं नावही काढू नका, मिक्सरमध्ये गराचे धागे तुटतात आणि भरताची खळ होते. ठेचलेल्या भरतात धागा शाबूत राहतो, तो दाताखाली कळतो. हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलावर परतून त्यातच ठेचतात. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच.

हे सगळं सांगायचं कारण असं की सँडविच चांगलं होणार की नाही हे गाडीवर ठरतच नाही, ते भाजतानाच ठरलेलं असतं.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक गाडी लागते. भाऊ मूळचे अमळनेरकडचे, बोलण्यात सहज अहिराणी येते. वर्षभर ते नेहमीचं मुंबईसारखं सँडविच करतात: उकडलेला बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो, हिरवी चटणी. वहिनींचं माहेर बामणोदच्या बाजूचं. थंडी पडली की भरीत त्या घरी करून देतात आणि गाडीवर मधोमध तो स्टीलचा डबा येतो. त्या दिवसांत बटाट्याचं सँडविच मागणारे कमीच.

ते सँडविच कसं लावतात ते एकदा जवळ उभं राहून पाहा. ब्रेडला लोणी लावलं की हिरवी चटणी लावत नाहीत, तिखटपणा भरतातच असतो. आधी दोन्ही स्लाइसवर बारीक शेव पसरतात. मला वाटायचं शेव कुरकुरीतपणासाठी असेल, पण तिचं खरं काम वेगळं आहे. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, भाजताना त्यातलं बरंच उडून जातं, तरी थोडं राहतंच, शिवाय वरच्या फोडणीचं तेल. शेव ते दोन्ही ओढून घेते आणि ब्रेड भिजत नाही. मग भाऊ लाकडी चमच्याने डब्यातून भरीत उचलतात, डब्याच्याच कडेला दाबून तेल निथळू देतात आणि शेवेवर पातळ थर देतात. पातळच, जाड नाही. वर कच्च्या कांद्याच्या चकत्या, थोडी पात आणि खलबत्त्यात जाडसर कुटलेले शेंगदाणे. दुसरी स्लाइस ठेवून ते सगळं लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये बंद होतं आणि शेगडीवर जातं. टोस्टर सारखा उलटापालटा करत राहतात. बाहेरून लोणी लावलेलं असतं, त्यामुळे कडा बदामी होऊन आपोआप मिटतात. चार तुकडे करून, तळलेली मीठ लावलेली मिरची बाजूला ठेवून, केळीच्या पानाच्या तुकड्यावर देतात. केळीचं पान इथे फुकटच, रावेर-यावलच्या केळीच्या बागा काही लांब नाहीत.

भरीत सकाळी केलेलं असतं, थंड. थंड झालं की ते घट्ट होतं. गरमागरम भरीत ब्रेडमध्ये घातलं तर वाफेने सगळा लगदा होईल. त्यामुळे पहिल्या घासाला बाहेरचं कडक, गरम, लोणकट आणि आतलं जेमतेम कोमट लागतं. धुराचा वास आधी येतो, तिखट मागून येतं. ब्रेडला स्वतःची थोडी गोडी असते, ती इथे उपयोगाला येते. भाऊ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारतात, “कसं लागनं, ताई?” आणि उत्तराची खरोखर वाट पाहतात.

आता चीज. चीज वितळलं की खारटपणा आणि दुधाचा वास पुढे येतो आणि धूर मागे पडतो. ज्या एका गोष्टीसाठी हे सँडविच खायचं तीच झाकली जाते. मेयोनीजचंही तेच. काही ठिकाणी ते विचारल्याशिवाय घालतात, म्हणून आधीच सांगायचं.

आमच्या घरातली जुनी माणसं या प्रकारावर नाराज आहेत, हेही सांगायला हवं. माझे मामा म्हणतात, भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खायचं, ब्रेड हे काय खाणं झालं? त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. कळण्याची भाकरी ज्वारी आणि सालासकट उडदाची, जाड, खमंग. भरताचं तेल ती पिते आणि तिखट मवाळ करते. ती जोडी फार जुनी आणि फार जमलेली आहे. पण मामांच्याच घरच्या लग्नांत भरीत-पुरीची पंगत मी लहानपणापासून पाहिलीय. जळगावात किलोवर भरीत विकणारी दुकानं आहेत, तिथेही लोक भाकरी किंवा पुरी काय हवं ते घेतात. पुरी गव्हाची चालली, तेलात तळलेली चालली, मग लोण्यावर भाजलेल्या ब्रेडनेच काय घोडं मारलंय? भरीत तसंच्या तसं आहे, काड्यांवर भाजलेलं, बडजीत ठेचलेलं. भाऊंनी त्याला हात लावलेला नाही, फक्त त्याच्याभोवतीचं बदललंय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शेजवान भरीत, तंदुरी भरीत असलं काही निघालं तर मी मामांच्या बाजूने उभी राहीन.

याचा दुसराही फायदा मी डोळ्यांनी पाहते. कॉलनीत बाहेरगावहून शिकायला आलेली मुलं-मुली खोल्या करून राहतात. भाकरी त्यांना करता येत नाही आणि भरिताच्या पार्टीला बोलावणारं इथे त्यांचं कोणी नसतं. खानदेशचं भरीत त्यांच्या तोंडी पहिल्यांदा लागतं ते याच गाडीवर. त्यातली काही मग दुकानातून पाव किलो भरीत आणि भाकरी नेताना दिसतात. हे मला मनापासून आवडतं.

हंगामाचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. कितीतरी घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत, मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग सुरू करतात. वांगीही थंडीतलीच चांगली. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. त्या दिवसांत गाडीवर दिवसभर राहिलेलं भरीत खाऊ नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. आमचे भाऊ होळीनंतर तो डबा आणणं बंद करतात. उन्हाळ्यातही भरीत सँडविचची पाटी लावलेली दिसली तर वांगी कुठली आणि भरीत कधी केलंय एवढं विचारा, उत्तर आढेवेढे घेत आलं तर पुढे चला. थंडीतसुद्धा डबा झाकलेला आहे ना, शेगडीला खेटून तर ठेवलेला नाही ना, एवढं बघून घ्यायचं.

तिखट झेपत नसेल तर “तिखट कमी करा” म्हणून काही होणार नाही, मिरची भरतातच ठेचलेली असते. थर अजून पातळ लावायला सांगा, कांदा जास्त घ्या आणि बाजूची तळलेली मिरची परत द्या. सोबत ताक मिळालं तर उत्तम, चहा अजिबात नको.

घरी करायचं झालं तर बाजारात वांगं हातात घेऊन पाहा. आकाराच्या मानाने हलकं लागेल ते घ्यायचं, जड वांग्यात बिया जास्त निघतात. भाजण्याआधी सुरीने दोन-चार ठिकाणी टोचा, नाहीतर जाळावर फुटतं. काड्या मिळाल्या नाहीत तर कोळशाची शेगडी चालेल. त्यापेक्षा सोपं म्हणजे दुकानातून तयार भरीत आणा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी थंडच ब्रेडमध्ये लावा. शेवेचा थर विसरू नका.

गाडीवर संध्याकाळी सहाच्या सुमारास जा, साडेसात-आठपर्यंत डबा रिकामा होतो. रविवारी सहसा मिळत नाही, त्या दिवशी भाऊ स्वतःच गावाकडे शेतात भरीत करायला गेलेले असतात. आणि कचेरीतल्या कोणी तुम्हाला शेतावरच्या भरीत पार्टीला बोलावलं, तर सँडविच दुसऱ्या दिवशी खा, आधी तिकडे जा.