एसएसडी बसवताना सॅटा मोड कोणता ठेवावा?

जुन्या संगणकात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, मेमरी चिपांची वेगवान डिस्क) बसवून घेणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे बरीच येतात. या अंकात त्यांपैकी बायोसमधील सॅटा मोडविषयीच्या चार पत्रांना उत्तरे दिली आहेत. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम. सॅटा ही डिस्क जोडण्याची पद्धत आणि सॅटा मोड म्हणजे त्या डिस्कशी संगणकाने कसे बोलायचे याची बायोसमधील निवड : जुना आयडीई, नवा एएचसीआय किंवा अनेक डिस्क एकत्र चालवणारा रेड.

प्रश्न : आमचा लहान छापखाना आहे. डीटीपीच्या संगणकाचा मदरबोर्ड एच ६१ चिपसेटचा असून त्यावर विंडोज १० आहे. जुन्या हार्ड डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करून अडीच इंची एसएसडी बसवली. एसएसडीला एएचसीआय मोडच लागतो असे ऐकले होते, म्हणून बायोसमध्ये आयडीईऐवजी तो निवडला, तर विंडोजचे चिन्ह दिसून लगेच निळा पडदा येऊ लागला. पुन्हा आयडीई केल्यावर सर्व सुरळीत झाले. एसएसडी देणारे दुकानदार म्हणतात की फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावे लागेल. आमचे फॉन्ट, लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली आणि सॉफ्टवेअरची नोंदणी पाहता ते नकोसे वाटते. आयडीईवरच चालवले तर एसएसडी खराब होईल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : एसएसडी खराब होणार नाही आणि फॉरमॅट मारण्याचीही गरज नाही. आपल्या विंडोजला एएचसीआयचा ड्रायव्हर (त्या मोडमध्ये डिस्क चालवणारा छोटा प्रोग्रॅम) सुरुवातीलाच लागणार आहे हे ठाऊक नव्हते, एवढेच घडले आहे.

संगणक सुरू होताना विंडोजच्या पहिल्या फाइली बायोसच्या मदतीने वाचल्या जातात, म्हणून चिन्ह पडद्यावर दिसते. त्यानंतर डिस्क वाचण्याचे काम विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरकडे सोपवते. मात्र विंडोज टाकताना जो मोड होता त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला उचलायचा अशी नोंद त्याने करून ठेवलेली असते आणि बाकीचे ड्रायव्हर, डिस्कवर हजर असूनही, बंद असतात. क्लोन करताना ही नोंद जशीच्या तशी एसएसडीवर आली. मोड बदलताच विंडोजला ज्या डिस्कवरून ते स्वतः सुरू होत आहे तीच दिसेनाशी होते आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश देऊन ते थांबते. यात आपल्या फाइलींना धक्का लागत नाही, म्हणूनच आयडीईवर परत येताच सर्व पूर्ववत झाले.

विंडोज ८ आणि त्यापुढील आवृत्त्यांमध्ये यावर सोपा उपाय आहे. आधी आयडीई मोडमध्येच संगणक सुरू करून फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नंतर विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘एमएसकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावा, ‘बूट’ या भागात ‘सेफ बूट’वर खूण करून त्याखालचा ‘मिनिमल’ हा पर्याय ठेवावा आणि रिस्टार्ट द्यावा. पडदा उजळताच डिलीट किंवा त्या बोर्डाची ठरलेली कळ दाबून बायोसमध्ये जावे, सॅटा मोड एएचसीआय करावा आणि बदल साठवून बाहेर पडावे. सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक गोष्टी घेऊन) सुरू होताना विंडोज आवश्यक तो ड्रायव्हर आपणहून कामाला लावते. एकदा त्या मोडमध्ये आत गेल्यावर एमएसकॉन्फिगमधील खूण काढून पुन्हा रिस्टार्ट करावे. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आधीच लिहून हाताशी ठेवावा, नाहीतर अर्ध्या वाटेवर अडकून पडाल. काम झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरच्या यादीत एएचसीआय कंट्रोलरचे नाव दिसले म्हणजे बदल पक्का झाला.

ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांच्यासाठी ही युक्ती नाही. तेथे मोड बदलण्याआधी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतील) सर्व्हिसेसच्या यादीत ‘एमएसएएचसीआय’ शोधून त्याच्या ‘स्टार्ट’ या नोंदीची किंमत ० करावी लागते. रजिस्ट्रीत हात घालण्याची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

आता या बदलाने मिळते काय, हेही पाहू. आयडीई मोडमध्ये संगणक डिस्कला एका वेळी एकच आज्ञा देतो आणि ती पुरी होईपर्यंत थांबतो. इंटेलच्या पुढाकाराने २००४ साली आलेल्या एएचसीआयमुळे ३२ आज्ञा एकदम रांगेत लावता येतात. रावेरच्या बागेत केळीचा ट्रक भरताना एक हमाल एकेक घड वाहत असेल तर बाकीचे हमाल असून नसून सारखेच, तशी आयडीई मोडमध्ये एसएसडीच्या आतील अनेक मेमरी चिपांची अवस्था असते. तरीही आपल्या कामात फरक किती पडेल, याचा अंदाज माफकच धरावा. एका वेळी एक पान मांडायचे, एक फाइल उघडायची, अशा वापरात रांगेत फारशा आज्ञा साचतच नाहीत. अँटिव्हायरसची तपासणी, मोठ्या फाइलीची नक्कल आणि छपाई एकाच वेळी चालू असेल तेव्हा एएचसीआयचा उपयोग जाणवतो. आपल्या संगणकाला जो खरा वेग मिळाला तो हार्ड डिस्क काढल्यामुळे : हार्ड डिस्कला हवी ती जागा गाठायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, तर एसएसडीला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतात. शिवाय एच ६१ चिपसेटचे सॅटा पोर्ट ३ गिगाबिटचे असल्यामुळे सेकंदाला ३०० मेगाबाइटची मर्यादा कोणत्याही मोडमध्ये राहणारच.

आयडीई मोडमध्ये ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवणारी आज्ञा) चालत नाही, म्हणून एसएसडी लवकर झिजते, असेही सांगितले जाते. पण विंडोज ७ पासून पुढे विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर ट्रिमची आज्ञा आयडीई मोडमध्येही एसएसडीपर्यंत पोहोचते. म्हणून लग्नसराईच्या गर्दीत या भानगडीत पडू नका. हातची कामे उरकल्यावर एखाद्या दुपारी निवांतपणे मोड बदलून घ्या.

प्रश्न : माझ्या जुन्या असेंबल केलेल्या संगणकात जी ४१ चिपसेटचा बोर्ड आहे. बायोस पूर्ण धुंडाळला, पण एएचसीआयचा पर्याय सापडत नाही. बायोस अपडेट करावा का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : करू नये. जी ४१ च्या बोर्डांवर सॅटाचे काम सामान्यतः आयसीएच ७ ही चिप पाहते आणि तिच्या डेस्कटॉपच्या साध्या आवृत्तीत एएचसीआयची सोयच नाही, त्यामुळे अपडेट करून ती येणार नाही आणि मध्येच लाईट गेली तर बोर्ड निकामी व्हायचा. एसएसडी आयडीई मोडमध्येच बसवावी. मात्र जुने एक्सपी असलेली डिस्क क्लोन करू नये, कारण एक्सपी पार्टिशन (डिस्कचा विभाग) ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते आणि ती सुरुवात एसएसडीच्या अंतर्गत पानांशी (लिहिण्याच्या ठरलेल्या तुकड्यांशी) जुळत नाही. विंडोज ७ किंवा नंतरच्या आवृत्तीच्या इन्स्टॉलेशनमध्ये पार्टिशन नव्याने केले की ते योग्य जागीच सुरू होते.

प्रश्न : आमच्या दालमिलच्या कार्यालयासाठी घेतलेल्या अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायला घेतले, तर इन्स्टॉलेशनमध्ये एकही ड्राइव्ह दिसत नाही. आतील एसएसडी एनव्हीएमई आहे. तिला एएचसीआय करावे की रेड?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : एनव्हीएमई ड्राइव्ह सॅटावर चालतच नाही, ती पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरील वेगळ्या जोडणीवर चालते आणि तिची पद्धत एएचसीआयहून वेगळी आहे. तरीही बायोसमधील हा पर्याय तिच्या आड येतो, कारण अकराव्या पिढीपासून इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा भाग चालू ठेवलेला असतो आणि काही कंपन्या त्याला रेड किंवा आरएसटी असे नाव देतात. व्हीएमडी चालू असताना ड्राइव्ह त्याच्यामागे राहते आणि ती दिसण्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये पुष्कळदा नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर उतरवून, तो पेन ड्राइव्हवर मोकळा (अनझिप) करून, ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवावा, किंवा व्हीएमडी बंद करावे. एकच ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपला रेडचा काही लाभ नाही, म्हणून विंडोज नव्याने टाकायचेच असेल तर मी व्हीएमडी बंद करणे पसंत करीन.

विंडोज आधीच चालू असलेल्या लॅपटॉपवर हा बदल थेट करू नये. अमळनेरच्या वाचकांना आला तोच निळा पडदा येईल आणि बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल, ती आधी शोधून ठेवावी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एसएसडी बसवली, विंडोज एएचसीआयमध्येच टाकले होते. हल्ली रात्रभर लाईट गेली की सकाळी निळा पडदा येतो. कधी तारीखही मागची दिसते. एसएसडी वॉरंटीत द्यावी का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मागची तारीख दिसते यातच कारण आले. मदरबोर्डवरील सीआर २०३२ क्रमांकाचा गोल सेल उतरला आहे. वीजपुरवठा पूर्ण बंद झाला की बायोस आपल्या सेटिंग विसरून कारखान्यातील मूळ स्थितीवर जातो आणि अनेक जुन्या बोर्डांवर ती मूळ स्थिती आयडीई असते. एसएसडी निर्दोष आहे, ती परत पाठवू नका. संगणकाची वायर प्लगमधून काढून सेल बदलावा, नंतर बायोसमध्ये आधी तारीख आणि वेळ लावावी, सॅटा मोड एएचसीआय करावा, बूट होण्याच्या क्रमात एसएसडी पहिली आहे ना ते पाहावे आणि एफ १० दाबून बदल साठवावेत.