हंटिंग्टनचा पेशंट ऑफिसात "मी ठणठणीत आहे" म्हणतो तेव्हा

ताई, तुमची पोस्ट वाचली. मिस्टरांना हंटिंग्टन, म्हणजे मेंदूचा आनुवंशिक आजार, निघालं, नोकरी गेली, घरात सतत चिडचिड, नातेवाईकांना वाटतं पिऊन झोकांड्या जातात, आणि ते स्वतः म्हणतात मला काही झालेलंच नाही, तूच मागे लागलीयस. त्यात आता अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तपासणीची तारीख आलीय. हे सगळं आमच्याकडे होऊन गेलंय म्हणून लांबलचक लिहितेय. जीनमधल्या दोषाचं वगैरे टेस्टच्या वेळी सांगितलंच असेल, ते सोडते. मी डॉक्टर नाही, औषधांचं तुमच्या न्यूरोलॉजिस्टनाच विचारा.

आधी तारखेचं बोलते, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. ऑफिस कुठलं ते लिहीत नाही. समोरच्या बाईंनी आमच्या ह्यांना विचारलं, स्वतः जेवता का, कपडे घालता का, पैशांचे व्यवहार बघता का? हे सगळ्याला हो म्हणाले, अगदी हसून, आणि बाईंनी तसंच लिहून घेतलं. मी मधे बोलायला गेले तर पेशंटला बोलू द्या म्हणाल्या. घरी गॅस चालू राहत होता, एकच बिल दोनदा भरलं जात होतं, अंघोळीला उठवायचं म्हणजे अर्धी सकाळ जायची, यातलं काहीही कागदावर आलं नाही. चालता येतं, हातपाय हलतात, अर्ज नामंजूर. त्यानंतर अपील होईपर्यंत पगार नाही आणि लाभही नाही अशी अवस्था. अजून आठवलं की संताप होतो, कारण हे काही दुर्मिळातलं दुर्मिळ लक्षण नाहीये हो, हंटिंग्टनच्या कितीतरी पेशंटना स्वतःतले बदल कळतच नाहीत. डॉक्टर त्याला ॲनोसोग्नोसिया म्हणतात. ते खोटं बोलत नसतात, हट्टही नसतो, जाणीव करून देणाऱ्या मेंदूलाच आजार झालेला असतो. अशा माणसाला एकट्याला विचारून फॉर्म भरणं हे माझ्या मते सरळ सरळ अन्याय आहे.

म्हणून डॉक्टरांकडून रिपोर्टमधे स्पष्ट लिहून घ्या की पेशंटला स्वतःच्या लक्षणांची पुरेशी जाणीव नाही, घरच्यांची माहितीही धरावी. आमच्या पहिल्या रिपोर्टमधे फक्त हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, म्हणजे कोरिया, आणि तोही सौम्य, एवढंच होतं. पण काम सुटतं ते बरेचदा विचार करण्यातल्या अडचणींमुळे, कामाची सुरुवातच न होणं, दोन गोष्टी एकदम न जमणं, राग न आवरणं. त्यासाठी न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट होते, तिनेच आमचं अपील तारलं असं मला वाटतं. तुम्ही रोज वहीत लिहा, काय झालं, कुणाला मदत करावी लागली. "त्रास होतो" असं मोघम नको, "गोळ्या हातात दिल्याशिवाय घेत नाहीत" असं लिहा. आणि ही वही त्यांच्यासमोर वाचू नका, फार लागतं त्यांना, आधीच लेखी देऊन टाका.

घरात मात्र "तुम्हाला आजार आहे" हे पटवायच्या फंदात पडू नका, उपयोग शून्य आणि भांडण नक्की. "काय खाणार?" पेक्षा "हे की ते?" विचारा आणि उत्तराला वेळ द्या, आपण घाई करून दुसरा प्रश्न टाकला की पहिला विचार तुटतो आणि भडका उडतो. दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. सगळ्यांना हे लागू पडेलच असं नाही, पण मारहाणीपर्यंत जात असेल तर सहन करत बसू नका, मुलांना घेऊन बाजूला व्हा आणि डॉक्टरांना सांगा, चिडचिडीवर औषधं आहेत.

वजन उतरतंय लिहिलंयत. या आजारात कॅलरी जास्त लागतात, थोडं थोडं पण सारखं द्या. जेवताना टीव्ही बंद, पाठ ताठ, बोलणं नको. पाणी पिताना ठसका लागायला लागला असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी आत्ताच करून घ्या, अन्न फुफ्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया या आजारात जीव घेतो.

मुलांच्या टेस्टबद्दल सासरचे दबाव आणतायत ना? प्रत्येक मुलाला धोका 50 टक्के हे खरं, पण लक्षणं नसलेल्या लहान मुलांची ही टेस्ट करत नाहीत, 18 नंतर ज्याचं त्याने समुपदेशन घेऊन ठरवायचं, आणि नको म्हणायचाही त्याला हक्क आहे. यावर मी कुणाचंही ऐकलं नाही.

एक राहिलं. टेट्राबेनाझिन, ती हालचाली कमी करायची गोळी, सुरू केलंय म्हणालात, त्याने डिप्रेशन वाढू शकतं, आणि या आजारात आत्महत्येचा धोका तसाही जास्त असतो. एकदम गप्प झाले, निरवानिरवीचं बोलायला लागले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, एकटं सोडू नका. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

रिपोर्टचा मसुदा हातात आला की नाव-पत्ता झाकून इथे टाका, काय राहिलंय ते बघून सांगते.