चित्रपटाची 'शिफारस' करावी की चित्रपट 'सुचवावा'?

परभणी जिल्ह्यातील एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. नववीच्या वर्गात 'मला आवडलेला चित्रपट' या विषयावर मुलांनी निबंध लिहिले आणि बऱ्याच जणांनी शेवटी 'मी हा पिच्चर सगळ्यांना रेकमेंड करतो' असे वाक्य घातले. शिक्षकांनी 'रेकमेंड' खोडून तेथे 'शिफारस' लिहिले. त्यावर शाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली, की शिफारस म्हणजे वशिला, ती माणसाची नोकरीसाठी होते, चित्रपटाची कशी होईल? तेव्हा 'सुचवतो' लिहावे काय, आणि चित्रपटाला 'पाहण्यासारखा', 'पाहण्याजोगा', 'प्रेक्षणीय' यांपैकी कोणते विशेषण शोभते, असे त्यांनी विचारले आहे.

ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हरकतीपासून सुरुवात करतो, कारण ती मराठवाड्यात अनेकांच्या मनात असते. 'शिफारस' हा शब्द फारसी 'सिफारिश'वरून आला. मराठीत तो इतका मुरला आहे, की त्याचे अनेकवचन मराठीच्याच चालीने 'शिफारशी' असे होते. 'म्हैस'चे 'म्हशी' किंवा 'घूस'चे 'घुशी' होताना 'स'चा 'श' होतो, तोच नियम येथेही लागतो. 'वशिला' हा मात्र वेगळा शब्द आहे. तो अरबी 'वसीला'वरून आला आणि मराठीत त्याला पुढे वाईट छटा चिकटली. 'वशिल्याचे तट्टू' या वाक्प्रचारात ती स्पष्ट दिसते. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती, आणि अर्जासोबत कोणाची तरी सिफारिश जोडल्याशिवाय काम होत नाही हा समज जुन्या पिढीत घट्ट होता. तो समज घरोघर उतरत आला असल्यामुळे येथील कानाला 'शिफारस' ऐकताच 'वशिला' आठवतो. भावना समजण्यासारखी आहे, तरी शब्दाचा अर्थ तेवढाच नाही. याचा पुरावा खुद्द परभणीतच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या पत्रकांत 'शिफारस केलेले वाण', 'खताची शिफारशीत मात्रा' हे शब्दप्रयोग नेहमी असतात, आणि बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या तुरीच्या वाणाची शिफारस वाचताना कोणत्याही शेतकऱ्याला त्यात वशिल्याचा वास येत नाही. तेव्हा 'शिफारस' हा निर्दोष शब्द आहे.

असे असूनही नववीतल्या मुलाच्या त्या वाक्यात मला तो नको वाटतो, आणि त्याचे कारण शब्दाच्या घडणीत आहे. शिफारस कशी होते ते पाहावे. समिती सरकारकडे शिफारस करते. मुख्याध्यापक एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीसाठी शिफारस करतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे परीक्षक मंडळ चित्रपटांची नावे ठरवते आणि पुरस्कार सरकार देते. या सर्व ठिकाणी शिफारस करणारा, जिची शिफारस होते ती व्यक्ती किंवा वस्तू, आणि निर्णय घेणारा असे तिघे असतात, म्हणूनच या क्रियापदासोबत 'कडे' आणि 'साठी' हे शब्द इतक्या सहज येतात. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत निर्णय घेणारा शेतकरी स्वतःच असतो, हे खरे. पण तेथे शिफारस करणाऱ्यामागे वर्षानुवर्षांच्या चाचण्यांचे वजन उभे असते. म्हणजे शिफारस करणाऱ्याजवळ पद तरी लागते किंवा पारख तरी. चित्रपटांच्या बाबतीत अशी अधिकाराची शिफारस पूर्वी जाहिरातीच्या फलकावर 'करमुक्त' या एका शब्दाने होत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन करमणूक कर त्यात विलीन होईपर्यंत राज्य सरकार काही निवडक चित्रपटांना तो कर माफ करी, आणि तिकीट स्वस्त झाले यापेक्षाही 'सरकारला हा चित्रपट लोकांनी पाहावासा वाटतो' हा अर्थ त्या शब्दातून अधिक पोहोचत असे. वर्गमित्राला वर्गमित्राने 'हा बघ' म्हणताना असा अधिकार मध्ये आणण्याचे प्रयोजन नाही. शिवाय 'पिच्चर' आणि 'शिफारस' हे दोन शब्द एका वाक्यात शेजारी बसले की वाक्य अर्धे ओट्यावरचे आणि अर्धे कचेरीतले होते.

आता 'सुचवणे'. हे 'सुचणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे आणि त्याचे नाते संस्कृत 'सूच्' या धातूशी आहे. 'सुचणे' हे मुळात ज्याला सुचते त्याच्या मनात घडते. आपण 'मला सुचले' म्हणतो, 'मी सुचलो' म्हणत नाही. म्हणून 'सुचवणे' म्हणजे दुसऱ्याच्या मनात एखादी गोष्ट येईल असे करणे. त्यात आग्रह नाही आणि निर्णय ऐकणाऱ्याकडेच राहतो. सभेत अध्यक्षपदासाठी नाव सुचवणाऱ्याला आपण 'सूचक' म्हणतो, आणि त्याच्यामागून 'अनुमोदक' उभा राहिल्याखेरीज नाव पुढे जात नाही. इतका हा शब्द नम्र आहे. दोन बरोबरीच्या माणसांमध्ये चित्रपटाविषयी बोलणे चालले असेल, तर 'शिफारस करतो' यापेक्षा 'सुचवतो' निश्चित बरे.

पण त्यात एक उणीव आहे आणि ती लहान नाही. 'मी तुम्हाला हा चित्रपट सुचवतो' या वाक्यातून सुचवणाऱ्याने तो पाहिला आहे हे कळत नाही, आणि त्याला आवडला हे तर मुळीच कळत नाही. न पाहिलेला चित्रपटही सुचवता येतो. निबंध लिहिणाऱ्या मुलाला जे सांगायचे आहे ते 'मला हा फार आवडला, तो तुम्हालाही मिळावा' हे आहे. या भावनेसाठी मराठीने नामाची किंवा 'करणे' लावून केलेल्या संयुक्त क्रियापदाची वाट धरलेलीच नाही. ते काम मराठी क्रियापदाच्या रूपावर सोपवते, आणि ते रूप विध्यर्थाचे आहे: 'हा चित्रपट तुम्ही पाहावा.'

या रूपाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. 'मी शिफारस करतो' या वाक्यात कर्ता 'मी' आहे. सगळे लक्ष शिफारस करणाऱ्यावर जाते. 'तुम्ही पाहावा' या वाक्यात कर्ता 'तुम्ही' आहे आणि क्रियापद चित्रपटाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते: चित्रपट पाहावा, मालिका पाहावी, नाटक पाहावे. बोलणारा वाक्यातून पूर्णपणे बाजूला होतो, प्रेक्षक आणि चित्रपट हे दोघेच समोरासमोर उरतात. चांगल्या चित्रपटाविषयी दुसऱ्याला सांगताना याहून योग्य रचना मला दिसत नाही. स्वतःची आवड सांगायची असेल तर ती वेगळ्या वाक्यात आधी सांगावी: 'मला हा चित्रपट फार आवडला. तुम्हीही पाहावा.' यातला 'ही' महत्त्वाचा आहे, कारण आवडीची देवाणघेवाण त्या एका अक्षराने सूचित होते. जोर हवा असेल तर 'पाहावाच', निकड हवी असेल तर 'पाहायलाच हवा', आणि उलट बाजूने सांगायचे असेल तर 'चुकवू नये असा'. 'पाहावा लागेल' मात्र टाळावे. 'लागणे' जोडले की इच्छा संपते आणि सक्ती सुरू होते. मुलांना चित्रपट पाहू द्यावा असे पालकांना किंवा शिक्षकांना सांगायचे असते तेव्हा मराठीजवळ आणखी एक नेमके रूप आहे: 'मुलांना दाखवावा असा'. १९५४ साली राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणाऱ्या पहिल्या चित्रपटाविषयी, म्हणजे 'श्यामची आई'विषयी, आजही बहुतेक जण याच शब्दांत बोलतात. 'मुलांसाठी शिफारस करतो' असे म्हणून त्या शब्दांचा आशय साधणार नाही.

मराठवाड्याच्या बोलीत हेच तत्त्व अधिक मोकळेपणाने दिसते. लातूर-नांदेडकडे 'मी पिच्चर बघायलो' असे चालू क्रियेचे रूप आहे, आणि तो माणूस तसा बघत असतानाच शेजाऱ्याला 'लई भारी हाय, तू बी बघ', 'एकदा बघून तर ये', 'बघच की' असे सांगतो. नाम कोठेही नाही. जे आहे ते आज्ञार्थ, 'तर', 'च' आणि 'की' या अव्ययांवर उभे आहे. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तेथेही दोन खेळांच्या मधल्या वेळात माणसे एकमेकांना 'तो इराणी चुकवू नका', 'पलीकडच्या पडद्यावरचा बघाच' असेच सांगतात. शिक्षकांनी मुलांच्या वाक्यातला इंग्रजी शब्द काढला हे योग्यच केले. पण त्या जागी दुसरे नाम शोधण्यापेक्षा मूल घरी जसे बोलते तेच रूप प्रमाण मराठीत उचलून दिले, तर वाक्य आपोआप सुधारते.

विशेषणांविषयी. 'पाहण्यासारखा' हा तिन्हींत सर्वांत रुळलेला आणि सौम्य शब्द आहे. 'सारखा'चा मूळ अर्थ तुलनेचा असला, तरी क्रियापदाच्या '-ण्या' या रूपापुढे आला की तो 'योग्य' असा अर्थ देतो; 'ऐकण्यासारखे', 'घेण्यासारखे' हेही तसेच. 'पाहण्याजोगा'तील 'जोगा' हा 'योग्य'चाच प्राकृतातून आलेला वंशज आहे आणि त्यात पात्रतेची, तोलून पाहिल्याची छटा आहे. दोष दाखवूनही चित्रपट एकूण चांगला आहे असे म्हणायचे असेल, तर समीक्षेत मी 'पाहण्याजोगा' निवडेन. आपल्या भागात 'बघण्यालायक' हेही सर्रास ऐकू येते. त्यात गैर काही नाही. 'लायक' हा अरबी शब्द शतकानुशतके मराठीत आहे आणि अर्थ 'जोगा'चाच आहे, फक्त लेखनात तो थोडा घरगुती वाटतो. 'प्रेक्षणीय' मात्र चित्रपटाला लावू नये. व्युत्पत्तीने तो अचूक आहे, 'प्रेक्षक' ज्या धातूपासून आला त्यातूनच तोही आला; पण वापरात त्याला स्थळांनी पूर्णपणे आपलेसे केले आहे. वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला ही प्रेक्षणीय स्थळे. 'प्रेक्षणीय चित्रपट' म्हटले की त्यातील डोंगरदऱ्या सुंदर आहेत एवढाच बोध होतो, आणि कथा, अभिनय, संवाद यांविषयी काहीच कळत नाही.

निबंधाच्या विषयात 'आवडलेला' हा शब्द आहे तो योग्य आहे, आणि त्याऐवजी 'आवडता' लिहिल्याने अर्थ बदलतो हेही मुलांना सांगावे. 'आवडता चित्रपट' म्हणजे कायमची पसंती, पुन्हा पुन्हा पाहिला जाणारा. 'आवडलेला' म्हणजे पाहिला आणि त्या वेळी आवडला असा. आवडते थोडे असतात, आवडलेले पुष्कळ. एका वर्गात चाळीस मुलांकडून 'आवडता चित्रपट' मागितला तर तीच तीन-चार नावे येतील, 'आवडलेला' मागितला तर यादी लांबते.

'शिफारस'चे स्थान मी काढून घेत नाही. वाचनालयाच्या फलकावर महिन्याच्या चित्रपटांची यादी लावायची असेल, तिच्यावर मथळा हवा असेल आणि यादी जाणत्या मंडळींनी निवडलेली असेल, तर 'या महिन्याच्या शिफारशी' हे शीर्षक चांगले आहे, कारण तेथे निवड करणाऱ्यांची पारख गृहीत धरलेली आहे. मोबाइलच्या पडद्यावर यंत्राने निवडलेल्या चित्रफितींवर 'शिफारस केलेले' असे लिहिलेले असते; तेथे निवडणाऱ्याने काही पाहिलेले नसते आणि त्याला काही आवडलेलेही नसते, म्हणून 'सुचवलेले' हा शब्द त्या जागी अधिक खरा ठरला असता.

शिक्षकांना वही तपासताना एका गोष्टीचा उपयोग होईल म्हणून लिहितो. 'पाहणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप 'पाहा' असे लिहावे की 'पहा', याविषयी वाद होतात. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत 'पाहणे', 'राहणे', 'वाहणे' ही रूपे शुद्ध मानली आहेत आणि 'पहाणे', 'रहाणे' ही टाळण्यास सांगितले आहे. आज्ञार्थात मात्र 'पाहा'बरोबर 'पहा' लिहिण्यास हरकत नाही असे म्हटले आहे. ही मुभा आज्ञार्थापुरतीच आहे. त्यामुळे 'हा चित्रपट अवश्य पहा' या वाक्यावर लाल शाई वापरू नये, आणि 'हा चित्रपट सर्वांनी पहावा' असे असेल तेथे 'पाहावा' अशी दुरुस्ती करावी.