घरकुल, सल्लागार आणि तुमची सही

(घरकुल योजनांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरे देत आहे. मी स्थापत्य अभियंता. पालिकांना घरकुल प्रकल्पांत मदत करणाऱ्या सल्लागार संस्थांमध्ये माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालते ते मला ठाऊक आहे, आणि काही ठिकाणी माझा सूर तिखट लागला तर तो त्यामुळेच.)

प्रश्न : ताई, आमच्या वसाहतीत दोन पोरं टॅब घेऊन आली. घराचे फोटो काढले, आधार बघितलं, "आम्ही महापालिकेचे कन्सल्टंट" म्हणाली. नंतर तिसराच एकजण आला आणि फाइल पुढं सरकवायला दोन हजार मागायला लागला. द्यायचे काय? आणि घर मंजूर करणार कोण, ही पोरं का महापालिका?
— धुणीभांडी करणारी एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एक रुपयाही देऊ नका, ताई. सल्लागाराची फी पालिका देते, लाभार्थी नाही. तो तिसरा पुन्हा आला तर नाव आणि ओळखपत्र मागा आणि पालिकेत लेखी कळवा. तोंडी सांगितलेले चहाच्या टपरीवरच विरून जाते.

आता मंजुरीचे. टॅबवाली पोरे घर मंजूर करत नाहीत. ती माहिती गोळा करतात, कागद तपासतात आणि त्यावरून सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे सगळे ज्याला 'डीपीआर' म्हणतात तो, तयार करतात. तो पालिकेच्या सहीने पुढे जातो. महाराष्ट्रात या कामाची राज्याची मध्यवर्ती यंत्रणा म्हाडा आहे. तिथून प्रस्ताव मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीकडे आणि पुढे दिल्लीतल्या केंद्रीय समितीकडे जातो. म्हणजे फोटो निघाला म्हणून घर मिळाले नाही, आणि त्या पोराचे तोंड वाकडे झाले म्हणून गेलेही नाही.

तुमच्या हातात आहे ते असे. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भागाचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधायचे असेल तर कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ३ लाखांच्या आत हवे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाखांची मदत होते. देशात कुठेही तुमच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्के घर नको. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुले. आपल्याकडे बरीच गाडी इथेच अडते. गडहिंग्लजकडे नाहीतर राधानगरीकडे सासऱ्यांचे घर असते, त्याच्या उताऱ्यावर नवऱ्याचेही नाव लागलेले असते, आणि घरातल्या बाईला ते माहीतच नसते. टॅबवाल्याला उत्तर देण्याआधी नवऱ्याला विचारा. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करण्यावर योजनेचा भर आहे, तेव्हा तुमचे नाव घालायला सांगा आणि घातले का ते स्वतः वाचून घ्या.

प्रश्न : मी जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीची सदस्य आहे. आमच्याकडे अभियंता एकच, तोच पाणी बघतो, तोच रस्ते. घरकुलांसाठी सल्लागार संस्था नेमायची निविदा निघणार आहे. सभेत सगळ्यांचे म्हणणे, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला द्या. मला ते पटत नाही, पण मुद्देसूद मांडता येत नाही. अटी काय घालाव्यात?

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. सिमेंटची पोती कमीत कमी दरात घ्यावीत, माणसांची डोकी नव्हेत. तांत्रिक गुण आणि दर दोन्ही धरून निवड करण्याची पद्धत सरकारी खरेदीत आहे. मुख्याधिकाऱ्यांना ती विचारा. त्याआधी आणखी एक विचारा : योजनेच्या चौकटीतच शहरस्तरीय तांत्रिक कक्षाची तरतूद आहे. तिथून माणूस मिळतो का? मिळत असेल तर निविदेचा पसारा निम्म्याने कमी होईल.

तरीही संस्था नेमावी लागली, तर सगळ्यात आधी पैसे कधी द्यायचे ते ठरवा. बहुतेक करारांत मोठी रक्कम डीपीआर मंजूर झाला की मोकळी होते. मग संस्था मंजुरीपर्यंत रोज फोन करते आणि मंजुरीनंतर तिचा फोन लागत नाही. इकडे यादीत शेकड्यांनी नावे आणि जागेवर एकही पाया नाही. मी तुमच्या जागी असते तर अहवालाला फीचा पाव भाग ठेवला असता, निम्मी फी जोते, लिंटल (दारे-खिडक्यांवरची तुळई) आणि स्लॅब या टप्प्यांना वाटली असती आणि उरलेली घर पुरे झाल्यावर. संस्था कुरकुर करतील. जी अजिबात कुरकुर करणार नाही तिच्याकडे जरा संशयाने बघा, तिने करार वाचलेला नसेल.

दुसरी गोष्ट याद्या फुगवण्याची. नावे जितकी जास्त तितका अहवाल मोठा दिसतो, म्हणून सामाईक सातबाऱ्यावरचे, गुंठेवारीतले (परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांवरचे), गायरानावरचे सगळे कोंबले जातात. पुढे कागदच नाहीत म्हणून घरे रद्द करायची वेळ येते आणि लोकांच्या शिव्या तुम्हाला बसतात, संस्थेला नाही. म्हणून अटीत लिहा, की प्रत्येक नावापुढे जागेची स्थिती नोंदवायची आणि कच्चा दुवा कसा सुटेल तेही सांगायचे. सामाईक जागा असेल तर वाटणी किंवा हिस्सेदारांची संमती लागेल. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर २००१चा गुंठेवारी कायदा आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात येतात. सरकारी जागेवरचे राहते अतिक्रमण १ जानेवारी २०११च्या आधीचे असेल तर नियमानुकूल करण्याची वाट २०१८च्या शासन निर्णयाने दाखवली आहे. चांगला सल्लागार या वाटा लोकांना दाखवतो, सिटी सर्व्हेत आणि तहसीलमध्ये त्यांच्याबरोबर जातो. वाईट सल्लागार 'कागद अपूर्ण' असा शिक्का मारून पुढच्या घरी जातो. तुम्ही पैसे मोजताय ते पहिल्या कामाचे.

माणसांचेही बोला. निविदेला जोडलेल्या बायोडेटात पुण्या-मुंबईचे नगररचनाकार असतात, अनुभव पंधरा-पंधरा वर्षांचा. प्रत्यक्षात तुमच्या कार्यालयात येतो तो काल निकाल लागलेला पोरगा, तोही आठवड्यातून एकदा, एसटी वेळेवर आली तर. पोराचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलेच नसते. तेव्हा बायोडेटात ज्याचे नाव तोच माणूस, बदलायचा तर पालिकेच्या लेखी परवानगीने, आणि निदान एकजण कायम तुमच्या गावात बसणारा, हे करारात येऊ द्या.

सामाजिक विकास तज्ज्ञ हे पद पैसे वाचवायला कधी गाळू नका. ती बाई असेल तर उत्तम. आपल्याकडे जनजागृतीची सभा म्हटले की आधी तालमीचा हॉल आठवतो. तालमीबद्दल मला आदरच आहे, पण तिथे सभा घेतली की पुरुष येतात, घोषणा होतात आणि घर चालवणाऱ्या बायका घरीच राहतात. सभा अंगणवाडीत घ्या, संध्याकाळी घ्या. न्हाणीघर कुठे हवे, चूल आत का बाहेर, शिलाई मशीन कुठे बसेल, हे तिथेच कळते. ३० चौरस मीटरचे, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपासचे घर. त्यात एक भिंत चुकली तर जन्मभर रुतते. वस्तीचा विकास म्हणून गटार, दिवे, अभ्यासिका असे काही प्रस्तावात घालणार असाल तर तेही याच सभेत विचारा. विचारल्याशिवाय बांधलेल्या समाजमंदिरांना कुलूपच दिसते. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात वसतिगृहे उभी राहिली, दरबाराने हात दिला आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींनी अंगावर घेतला. सध्याच्या अहवालांत 'लोकसहभाग' नावाचे प्रकरण असते, बहुतेक दुसऱ्या गावाच्या अहवालातून उचललेले. गावाचे नाव बदलायचे राहून गेलेले मी वाचले आहे.

आणखी तीन अटी, थोडक्यात. सर्वेक्षणाची मूळ माहिती आणि पोर्टलचे पासवर्ड पालिकेकडेच राहतील, कारण त्यात लोकांची आधार माहिती आहे. जी संस्था अहवाल करते तीच कामाची त्रयस्थ तपासणी करणार नाही. आणि संस्थेच्या माणसाने कुणालाही अमुक ठेकेदाराकडून बांधा, तमुक दुकानातून सळई घ्या असे सांगितले तर करार रद्द.

पात्र कोण, अपात्र कोण ही सही मात्र मुख्याधिकाऱ्यांची. तक्रार ऐकायची तीही पालिकेनेच. सभेत कुणी म्हणाले, "ते सल्लागार बघतील," तर तुम्ही उठून विचारा, मग आपण कशाला निवडून आलो?

प्रश्न : आमचे घर पंचगंगेच्या काठाकडे, दोन्ही महापुरांत आढ्याला पाणी लागले. घरकुलाच्या यादीत नाव होते, पण सल्लागाराने "निळ्या रेषेत आहे" म्हणून खोडले. नाव परत कसे लावायचे?

उत्तर : खोडण्याचा अधिकार त्याचा नाही, पण त्याचे कारण खोटे असेलच असे नाही. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधायला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीच्या ४५ सेंटिमीटर वर घ्यावे लागते. म्हणून आधी पालिकेच्या नगररचना विभागाकडे सिटी सर्व्हे नंबर देऊन, जागा नेमकी कुठे पडते ते लेखी मागा. नकाशावर बोट ठेवून "इथे कुठेतरी" असे सांगितलेले चालवून घेऊ नका. गल्लीच्या एका टोकाला एक रेषा आणि दुसऱ्या टोकाला दुसरी, असेही असते.

आता माझे मत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी आणि २०१९, २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तुमच्या आढ्याला पाणी लागले असेल तर तेवढे उंच जोते भरण्यातच अडीच लाख संपतील आणि वर भिंती उभ्या करायला काही उरणार नाही. त्याच जागेसाठी भांडू नका. दुसरीकडच्या जागेवर किंवा पालिकेने उभारायच्या भागीदारी प्रकारातल्या घरांत, ज्यांनाही केंद्राचे तेच दीड लाख मिळतात, आम्हाला प्राधान्य द्या, असा अर्ज सगळ्या गल्लीने मिळून करा. एकट्याचा अर्ज फाइलीत राहतो, गल्लीचा अर्ज सभेपुढे जातो. आणि अर्जात लिहा, की नवी जागा मुलांच्या शाळेपासून आणि तुमच्या कामापासून फार लांब नको. हे न लिहिल्यामुळे माणसे नवे घर भाड्याने देऊन परत काठावर येतात, आणि मग त्यांनाच दोष दिला जातो.

प्रश्न : पहिला हप्ता आला, त्यात जोते झाले. दुसरा हप्ता येईना. पालिकेत म्हणतात, सल्लागार संस्थेचा करार संपलाय, नवीन येईपर्यंत थांबा.

उत्तर : करार संपला हा पालिकेचा प्रश्न, तुमचा नव्हे. पुढचा हप्ता कामाच्या टप्प्याचा जिओ-टॅग केलेला, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो पोर्टलवर चढल्यावर निघतो, आणि तो फोटो पालिकेचा अभियंताही काढू शकतो. 'जोते पूर्ण, पाहणी करावी' असा दोन ओळींचा अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या. त्याच दिवशी बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले आणि चालू आहे का ते बघा. पैसे थेट त्या खात्यात येतात आणि पुष्कळदा फोटो चढलेला असतो, अडलेले असते ते खातेच. पावसाळ्याआधी स्लॅब पडायला हवा असेल तर हे दोन्ही या आठवड्यात करा.