अनेक लिनक्स मशीनवर एकच यूजर अकाउंट चालावं यासाठी सेंट्रल सर्व्हर कसा उभारावा?

ओपनएलडॅप हा नुसता डिरेक्टरी सर्व्हर हाताने जुळवत बसण्यापेक्षा फ्रीआयपीए हे तयार सॉफ्टवेअर घ्या. डिरेक्टरी (यूजरची मध्यवर्ती यादी), केर्बेरॉस (लॉगिन तपासणारी यंत्रणा) आणि सर्टिफिकेटची सोय त्यात एकत्रच येते. आधी सर्व्हरचं पूर्ण होस्टनेम ठरवा आणि डीएनएसमध्ये नावावरून आयपी, आयपीवरून नाव बरोबर मिळतंय ना ते बघा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. घड्याळंही जुळवा, कारण 5 मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस सहसा लॉगिन नाकारतं.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो जुन्या यूआयडींना, म्हणजे लिनक्स प्रत्येक यूजरला देतं त्या क्रमांकांना. एकाच माणसाचा यूआयडी इथे 1001 आणि तिथे 1004 असेल, तर शेअर केलेल्या फायलींची मालकी विस्कटते. क्लायंटवर (सर्व्हरला जोडलेल्या मशीनवर) एसएसएसडीचं, म्हणजे सर्व्हरकडून यूजरची माहिती आणणाऱ्या सेवेचं, कॅशिंग (ती माहिती मशीनवर साठवणं) चालू ठेवा, आणि रूट अकाउंट मात्र लोकलच असू द्या. दुसरा सर्व्हर, म्हणजे रेप्लिका (पहिल्याची जुळी प्रत), लगेच उभारा, पुढे ढकलू नका.