‘आमची कुत्री तशी नाहीत’

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझ्याकडे १८ शेळ्या आणि ६ मेंढ्या आहेत. महिन्याभरात दोनदा पहाटे कुत्री कळपात घुसली. पहिल्या वेळी दोन करडं गेली. परवा एका गाभण शेळीच्या मागच्या मांड्या फाडल्या. बांधापलीकडच्या शेजाऱ्यांची दोन कुत्री रात्री मोकळी असतात. दुसऱ्या वेळी ती पळताना मी स्वतः पाहिली. शेजारी म्हणतात, “आमची कुत्री नातवंडांच्या अंगाखांद्यावर खेळतात, मांजराच्याही वाटेला जात नाहीत. तुमच्याकडे लांडगा येत असेल.” धाकटे दीर म्हणतात, विष घालू आणि विषय संपवू. मला ते पटत नाही. पण मग करायचं काय?

उत्तर : आधी तुमच्या दिरांसाठी दोन वाक्यं. विष घातलेला तुकडा कोणाच्या पोटात जाईल ते आपल्या हातात नसतं. मांजर, पक्षी, तुमचं स्वतःचं कुत्रं, कोणीही खातं. आणि ज्या दिवशी विष सापडेल त्या दिवशी ज्यांची करडं मेली ते तुम्ही आरोपी व्हाल, आणि शेजारी फिर्यादी.

आता ती शेळी. पत्र मासिकाकडे येऊन उत्तर छापेपर्यंत तिचं जे व्हायचं ते झालेलं असेल, तरी इतरांसाठी लिहिते. कुत्र्याचा चावा वरून दिसतो त्यापेक्षा आत नेहमी मोठा असतो. कातडीला चार बारीक भोकं दिसतात आणि खाली मांस चेचलेलं असतं, कारण कुत्रं धरून हिसका देतं. म्हणून भोवतीचे केस कापून पूर्ण जखम उघडी करा, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने भरपूर धुवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. भोकं स्वतः शिवू नका, वर हळद-राख काही भरू नका. घाण आत कोंडते. धनुर्वाताचं इंजेक्शन, वेदनाशामक आणि गरज असेल तर प्रतिजैविक, हे डॉक्टर ठरवतील. माशा बसू देऊ नका. त्यांनी घातलेल्या अंड्यांतून उबेच्या दिवसांत एका दिवसात अळ्या बाहेर येतात. आणि ज्यांना ओरखडाही नाही त्या गाभण शेळ्या-मेंढ्यांवरही दोन-तीन आठवडे डोळा ठेवा. नुसत्या पळापळीने, धसक्याने त्या गाभडतात. शेवटच्या महिन्यातली मेंढी घाबरून दोन दिवस चारा सोडून बसली, तर तेवढ्यानेही ती आडवी होऊ शकते.

रेबीजचं विसरू नका. चावणाऱ्या कुत्र्यांना लस दिलेली आहे का, हे शेजाऱ्यांना विचाराच, आणि चावलेल्या जनावरांना लस द्यायची का ते डॉक्टरांना विचारा. कुत्र्यांना मारायचं नाही, याचं आणखी एक कारण इथे आहे. ती बांधून १० दिवस नजरेखाली ठेवता येतात. चावताना लाळेत विषाणू असेल तर कुत्रं या १० दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं. पुढे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एखादी चावलेली शेळी लाळ गाळू लागली, गिळता येईना, तर ‘घशात काही अडकलंय’ म्हणून तोंडात हात घालू नका. झटापटीत तुम्हाला दात किंवा लाळ लागली असेल, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेजाऱ्यांच्या त्या वाक्यावर मात्र मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण ते वाक्य मीही बोलले आहे.

तेव्हा नोकरीला लागून १२ वर्षं झाली होती. आमच्याकडे काळू नावाचा कुत्रा होता. माझी मुलगी त्याच्या पोटावर डोकं ठेवून अभ्यास करायची. एके दिवशी सकाळी पलीकडचे मेंढीवाले आजोबा पोत्यात मेलेलं कोकरू घेऊन दारात उभे राहिले. मी म्हटलं, “बाबा, आमचा काळू तसा नाही.” ते भांडले नाहीत. पोतं खाली ठेवलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही डॉक्टर. तोंड उघडून बघा की.” मी काळूचं तोंड उघडलं. दाढांच्या फटीत लोकर होती. हनुवटीखालचे केस वाळलेल्या रक्ताने चिकटले होते. काळू शेपटी हलवत होता.

काळू भुकेला नव्हता, आणि तुमच्या शेजाऱ्यांची कुत्रीही नसतील. लांडग्याची शिकार म्हणजे एक साखळी असते : नजर लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, खाणं. माणसाने हजारो वर्षं पाळताना कुत्र्यात ती साखळी तोडली; काही कड्या ठेवल्या, काही ढिल्या केल्या. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यात नजर आणि पाठलाग जाणूनबुजून पक्के केले. बहुतेक घरच्या कुत्र्यांत पाठलाग शिल्लक असतो, आणि समोर काही पळालं की तो जागा होतो. मेंढी पळते, कुत्रं धावतं, दात लागतात, मेंढी आणखी जोरात पळते. भुकेचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही, म्हणून भरलेलं पोटही त्याला थांबवत नाही. दोन कुत्री एकत्र असली की एकमेकांना चढ येते. एकटं असताना कोंबडीकडेही न बघणारं कुत्रं सोबत मिळाली की कळप उधळतं. तेव्हा शेजारी खोटं बोलत नाहीत; घरात त्यांना दिसतं ते खरंच आहे. रात्री दोन वाजताचं कुत्रं त्यांनी पाहिलेलं नाही, एवढंच.

म्हणून पुढच्या वेळी पुरावा हवा. मेलेल्या जनावराला लगेच हलवू नका. फोटो काढा : जखमांचे जवळून, जागेचे लांबून, ठशांचे शेजारी काडेपेटी ठेवून. सरावलेला वन्य शिकारी बहुधा गळा धरतो, एखादंच जनावर मारतो आणि खातो. कुत्री मागून लागतात : मांड्या, शेपटी, कुशी, कान. एका रात्रीत पाच जनावरं फाडलेली आणि एकही खाल्लेलं नाही, असं दिसलं की मला कुत्र्यांचाच संशय येतो. हे शंभर टक्के नाही. चटावलेलं कुत्रंही गळ्याला जातं. ठशांत नखं उमटली असतील तर मांजरकुळातलं जनावर बहुधा नाही, कारण ते चालताना नखं आत ओढून घेतं. कुत्रा की लांडगा हे ठशावरून सांगणं अवघड, पण रानातलं जनावर बरंचसं सरळ रेषेत जातं आणि घरचं कुत्रं इकडेतिकडे हुंगत, नागमोडी.

एक गोष्ट डॉक्टरांकडून करून घ्याच. चाव्याच्या जागची कातडी सोलून बघायला सांगा. खाली रक्त साकळलेलं असेल, तर चावा जनावर जिवंत असताना बसला. नसेल, तर ते आधीच मेलं होतं आणि कुत्र्यांनी नंतर येऊन तोंड मारलं. दुसरी शक्यता मनात ठेवा. मेलेल्या करडाला चघळणारं कुत्रं बघून लोक त्यालाच मारेकरी ठरवतात. डॉक्टरांचा लेखी अहवाल घ्या. तुमच्या भागातला कायदा काय म्हणतो ते स्थानिक कचेरीत विचारावं लागेल, पण नुकसानभरपाईचा विषय निघाला तर कागद लागतो, हे सगळीकडे सारखंच.

मग शेजाऱ्यांकडे जा. पहाटे रागात नव्हे. संध्याकाळी, शक्यतो दिरांना घरी ठेवून. ‘तुमच्या कुत्र्यांनी मारलं’ हे पहिलं वाक्य नको. फोटो दाखवा आणि मागा तेवढंच ठरवून मागा : अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कुत्री बांधलेली किंवा बंद. यात त्यांचाही फायदा आहे, हे सांगा. मोकळं कुत्रं गाडीखाली येतं, भांडणात फाटतं, कोणाच्या तरी विषाला बळी पडतं. नर असेल तर खच्चीकरणाने भटकणं बऱ्याचदा कमी होतं. पाठलागाची खोड मात्र त्याने जाईलच असं नाही, म्हणून त्या भरवशावर दावं सोडू नका. मेलेली कोंबडी गळ्यात बांधण्याचा जुना उपाय कोणी सुचवेल. कुत्र्याला त्यातून वासाशिवाय काहीही कळत नाही.

आणि कुंपण. शेजारी सज्जन निघाले तरी कुंपण लागतंच, कारण दावं कधीतरी तुटतं. लोक उंची वाढवत बसतात. बहुतेक कुत्री वरून उडी मारण्याआधी खालून वाट शोधतात. मी एका ठिकाणी पुरुषभर उंच जाळी पाहिली आणि फाटकाखाली वीतभर फट. नुसती काटेरी तारही कुत्र्याला अडवत नाही. ते दोन तारांमधून सरकतं, अडकते ती तुमचीच शेळी. विणलेली जाळी घ्या, छातीच्या उंचीची, खालचे चौकोन बारीक असलेली. जाळीच्या पायाशी बाहेरच्या अंगाला हातभर रुंद जाळीची पट्टी जमिनीवर आडवी पसरा, खुंट्यांनी ठोका आणि वर माती-दगड टाका. कुत्रं नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतं. नखाला जाळी लागली की दोन पावलं मागे सरून पुन्हा उकरायला सुरुवात करावी, हे त्याला सुचत नाही. ओघळ, नाला, फाटक या तीन जागा आधी बघा.

त्यावर झटका मशीनची एक तार जाळीच्या बाहेर, जमिनीपासून वीतभर उंचीवर ओढलीत, तर फार उपयोग होतो. कुत्रं नवी वस्तू नाकाने तपासतं, आणि नाक ओलं असतं. अंगावर केस असल्याने पाठीला लागलेला झटका तितका बसत नाही. म्हणून तार नाकाच्या उंचीला. तारेवर चार-पाच हजार व्होल्ट टिकायला हवेत. ऐकायला भयंकर वाटतं, पण साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही छोट्या अंशापुरता तो ठोका येतो, म्हणून जीव जात नाही. घरातली वीज थेट तारेत सोडणारे महाभाग असतात. त्याने माणसं मरतात, कुत्र्यांचं तर सोडाच. मशीन चालत नाही अशी तक्रार आली की मी दोनच गोष्टी बघते : तारेला गवत टेकलंय का, आणि अर्थिंगची सळई कोरड्या मातीत आहे का. माती कोरडी असेल तर तिथे पाणी ओता.

हे सगळं होईपर्यंत आजपासून एक करा. रात्री सगळा कळप घराजवळच्या बंद वाड्यात. हल्ले बहुतेक रात्री आणि पहाटेच होतात.

काळूचं पुढे काय झालं, हे विचाराल. आजोबांना कोकराचे पैसे दिले, ते त्यांनी मोजूनही पाहिले नाहीत. काळू त्यानंतर नऊ वर्षं जगला, रात्री कडी लावलेल्या व्हरांड्यात.

प्रश्न : कळपात गाढव ठेवलं तर कुत्री येत नाहीत म्हणतात. खरं का? की राखणीचा कुत्रा घ्यावा?

उत्तर : गाढवाला कुत्र्याची उपजत चीड असते, आणि ते लाथ चांगली मारतं. पण एकच ठेवा, गाढवीण किंवा खच्ची केलेला नर. दोन ठेवलीत तर ती एकमेकांच्या संगतीत रमतात आणि कळप राहतो बाजूला. न खच्ची केलेला नर शेळ्यांनाच इजा करतो. एका कुत्र्यापुढे गाढव टिकतं, चार-पाच जणांच्या टोळीपुढे नाही.

राखणीची कुत्री ही वेगळीच जमात. इटलीतल्या मारेम्मा जातीची कुत्री २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या मिडल आयलंडवर चक्क छोट्या पेंग्विनना कोल्ह्यांपासून राखायला ठेवली गेली. पण अशी कुत्री पिल्लू असतानाच कळपात वाढवावी लागतात, आणि दीड-दोन वर्षांची होईपर्यंत ती स्वतःच करडांशी नको इतकी दांडगाई करतात. जात आणली आणि कुंपण नसलं, तर तुमचा राखणदार रात्री हिंडत दुसऱ्याच्या वाड्यात जाईल, आणि मग या सदराला तुमचा शेजारी पत्र लिहील.

प्रश्न : शेळी व्यायल्यावर पडलेली वार, मेलेलं करडू आम्ही कुत्र्यांना टाकतो. घाण राहत नाही. चालतं का?

उत्तर : नाही. एक तर त्या वासावर आसपासची सगळी कुत्री तुमचा वाडा पाठ करतात, तेही नेमकी नवी करडं असताना. दुसरं, रोगाचं चक्र तुम्हीच फिरतं ठेवता. नेओस्पोरा नावाचा सूक्ष्म परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात जातो आणि गाई गाभडतात. ती वार कुत्र्याने खाल्ली की चक्र पुन्हा सुरू. कुत्र्याच्या पोटातल्या एका फीतकृमीची अंडी मेंढीने गिळली की तिच्या मेंदूत पाण्याची गाठ होते आणि ती एका बाजूला गोल गोल फिरत राहते. तशाच दुसऱ्या कृमीच्या गाठी माणसाच्या यकृतात होतात. आइसलँडमध्ये हा रोग घरोघरी होता. १८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे हे डॅनिश संशोधक तिथे गेले, कुत्र्यांची आतडी तपासली आणि लोकांसाठी पुस्तिका लिहिली. तिचा गाभा हाच होता : आतडी-काळीज कुत्र्यांना टाकू नका, कुत्र्यांना जंताचं औषध द्या. पुढे कायदे झाले, आणि काही दशकांत तिथून तो रोग जवळपास गेला.

वार आणि मेलेलं करडू कमरेइतक्या खड्ड्यात, विहिरीपासून लांब पुरा. वर चुना टाका, माती दाबा आणि मोठा दगड ठेवा. नाहीतर रात्री उकरतील.